गुडघ्याचा दोर आणि हाडाचा उतार

(द्वितीय वर्ष, कला)

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर ज्या मुलाने कधी कबड्डीचा दम घुमवला नाही असा मुलगा शोधून काढणे कठीण. भातकापणी उरकली की रिकाम्या शेतात पाणी मारून मैदान तयार होते, विजेचे दिवे लागतात आणि पंचक्रोशीतले संघ रात्र रात्र जागवतात. १९३६ साली बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्या खेळाचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ज्याला पदकाचा मान मिळाला, तो हा आपल्या मातीतला खेळ. या खेळावर रेल्वेत, पोलिसात, मुंबईच्या कंपन्यांत नोकऱ्या मिळवून कितीतरी घरे वर आली. म्हणून गरिबाच्या घरी चांगला चढाईपटू जन्मला, तर त्याच्या पायांकडे घरातले सगळे आशेने पाहतात.

परंतु मित्रहो, या खेळाची दुसरीही एक बाजू गावोगावी दिसते. पंचविशीतला एखादा तरुण गुडघ्याला पट्टा बांधून पारावर बसलेला असतो. चौकशी केली की उत्तर ठरलेले: “त्याची लिगामेंट गेली.” एवढ्या तीन शब्दांत त्याचा खेळ संपतो आणि पुष्कळदा नोकरीही हातची जाते. लिगामेंट म्हणजे काय, ती का जाते, आणि एकदा नवी बसवल्यावर काहींची पुन्हा का तुटते, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे मी जाणतो. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे दवाखान्यातून येणारा इंग्रजी कागद वाचण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. माझ्या थोरल्या भावाच्या गुडघ्याचे कागद समजून घेण्यासाठी मी डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते आपल्या खेळाडू मित्रांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गुडघ्याची रचना

गुडघ्यात वरून मांडीचे हाड येते व खालून नडगीचे. समोर वाटी असते. मांडीच्या हाडाची टोके गोलसर असतात, तर नडगीचा माथा बराचसा सपाट. गोल दगड पाटावर ठेवावा तशी ही बैठक. दोहोंच्या मध्ये दोन चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्या असतात. त्यामुळे बैठक थोडी घट्ट होते. तरीही केवळ हाडांच्या आकारावर हा सांधा जागेवर राहणार नाही. त्याला बांधून ठेवावे लागते, आणि ते काम करतात ते अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट.

मुख्य बंध चार. दोन गुडघ्याच्या दोन बाजूंना, आणि दोन आतमध्ये एकमेकांना फुलीसारखे छेदून गेलेले. या आतल्या दोघांपैकी पुढचा जो फुलीबंध, त्यालाच खेळाडूंच्या भाषेत ‘ए.सी.एल.’ म्हणतात. तो नडगीच्या माथ्यावर पुढच्या बाजूला रुतलेला असतो आणि तिथून तिरका वर, मागे जाऊन मांडीच्या हाडाला चिकटतो. नडगी पुढे सटकू नये, हे त्याचे मुख्य काम. लांबी जेमतेम तीन सेंटीमीटर, जाडी करंगळीएवढी. पण तरुण माणसात तो सुमारे दोनशे किलोंचा ताण सोसतो.

एवढा बळकट दोर तुटतो कसा? सर्वसाधारण समजूत अशी की कोणीतरी जोरात आदळले म्हणून. प्रत्यक्षात बहुसंख्य वेळा दुसऱ्या कुणाचा धक्का गुडघ्याला लागलेलाच नसतो. धावता धावता एकदम थांबणे, पाऊल रोवलेले असताना अंग फिरवणे, उडीवरून ताठ पायावर उतरणे, गुडघा आत झुकणे, अशा क्षणी तो तुटतो. कबड्डीत तर घोटा पकडलेला आणि धड मध्यरेषेकडे झेपावलेले, अशी अवस्था दर दोन मिनिटांनी येते. ‘कट्’ असा आवाज होतो, काही तासांतच आत रक्त साठून गुडघा सुजतो. सूज पंधरा दिवसांत उतरते, दुखणेही कमी होते, पण जिना उतरताना किंवा वळताना गुडघा दगा देतो.

दोर आणि होडी

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. तो समजण्यासाठी आपल्या किनाऱ्यावरचेच एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. होडी पाण्याबाहेर ओढून वाळूवर ठेवतात आणि दोराने वरच्या अंगाच्या खुंट्याला बांधतात. वाळू सपाट असेल तर दोर सैल पडून राहतो. वाळू उतरती असेल तर होडी समुद्राकडे घसरू पाहते आणि दोर ताणला जातो. उतार जितका जास्त, तितका ताण जास्त.

गुडघ्यात हेच घडते. नडगीचा माथा अगदी सपाट नसतो. तो पुढून मागे थोडा उतरता असतो. माथा ही आपली वाळू, त्यावर टेकलेले मांडीचे हाड ही होडी, आणि पुढचा फुलीबंध हा खुंट्याचा दोर. अंगाचा भार आला की मांडीचे हाड उतारावरून मागे घसरू पाहते. तेच उलट बाजूने पाहिले तर नडगी पुढे येते. दोर तिला धरून ठेवतो.

हा उतार प्रत्येकाचा वेगळा असतो. पुष्कळांचा पाच ते दहा अंशांच्या आसपास, काहींचा बारा, काहींचा पंधरा किंवा अधिक. दहा अंशांचा फरक म्हणजे काही विशेष नाही असे वाटेल. शाळेतली त्रिकोणमिती आठवून पाहावी. उतारावर ठेवलेल्या साठ किलो वजनाचा खाली घसरवणारा भाग पाच अंशांवर साधारण सव्वापाच किलो येतो; पंधरा अंशांवर साडेपंधरा किलो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. खऱ्या गुडघ्यात स्नायूंची ओढ, गाद्यांचा आधार अशा अनेक गोष्टी असल्यामुळे हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. पण दिशा कळण्यास तो पुरेसा आहे. शिवाय उडीवरून उतरताना गुडघ्यावर साठ किलो नव्हे, त्याच्या कित्येक पट भार येतो.

फ्रान्समधील लिऑन शहराच्या आँरी देजूर या शल्यविशारदाने आपल्या सहकाऱ्यासह १९९४ साली या गोष्टीचे माप घेतले. एका पायावर उभे असताना उतार दर दहा अंशांनी वाढला, तर नडगी सुमारे सहा मिलिमीटर जास्त पुढे येते, असे त्यांना आढळले. तीन सेंटीमीटरच्या दोराला सहा मिलिमीटर म्हणजे काय, हे सांगायला नको.

ओळंबा

पुढून मागे जाणारा हा उतार झाला. दुसरी गोष्ट पाय समोरून पाहिला असता दिसते. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेघ ओढावी. ही पायाची भाररेषा. सरळ पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून, किंचित आतल्या अंगाने जाते. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर ती बरीच आत सरकते. गुडघ्याला गुडघा लागणारे पाय असतील तर बाहेर.

धनुष्यासारख्या पायात प्रत्येक पावलागणिक गुडघ्याची बाहेरची बाजू किंचित उघडते. पाय शाबूत असेल तोवर बाजूचे बंध व स्नायू हे सहन करतात. पण आतला फुलीबंध तुटला की पाठोपाठ बाहेरचे बंधही सैल पडू लागतात. अमेरिकेतील फ्रँक नॉयेस यांनी याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: नुसता हाडाचा बाक, मग बाजूचे बंध सैल होऊन वाढलेला बाक, आणि शेवटी मागचा कोपराही ढिला होऊन गुडघा मागे-बाहेर झुकू लागणे. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाची चाल लांबूनही ओळखू येते. दर पावलाला गुडघा बाहेर फेकला जातो. अशा पायात आतला दोर कितीही चांगला बसवला, तरी प्रत्येक पाऊल त्याला ओढत राहते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लहान मुलांचे पाय वाकडे दिसले म्हणून आयाबायांनी घाबरू नये. दोन वर्षांपर्यंत बाळाचे पाय बाहेर वाकलेले असणे, तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे जवळ येणे, आणि सात वर्षांच्या आसपास मोठ्या माणसासारखे होणे, हा निसर्गक्रम आहे. मुडदूस झालेल्या मुलांचा बाक मात्र त्याहून वेगळा. त्यासाठी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

आमच्या घरची हकीकत

दादा आमच्या गावच्या संघाचा चढाईपटू. डिसेंबर २०२१ मध्ये एका सामन्यात, बोनस घेऊन वळताना, त्याचा गुडघा गेला. २०२२ मध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागचा कंडरा काढून त्याचा नवा दोर केला आणि हाडात भोके पाडून तो ओवला. ही पद्धत सर्वमान्य आहे. दादाने व्यायाम मन लावून केले. वर्षभराने तो मैदानात उतरला, आणि २०२३ च्या पावसाळ्याआधीच दोर पुन्हा तुटला.

गावात जे बोलले जाते ते बोलले गेले. कोणी डॉक्टरला दोष दिला, कोणी दादाच्या व्यायामाला, कोणी आणखी कशाला. आईने तर नवससुद्धा बोलून टाकला. दादा मात्र गप्प झाला. रेल्वेच्या निवड चाचणीचे वय निघून चालले होते.

मांडव्याहून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरून आम्ही मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दादाला उभा करून खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे काढायला सांगितले, आणि गुडघ्याचा एक अगदी बाजूने. दिव्याच्या काचेवर फिल्म लावून त्यांनी पेन्सिलीने खुब्यापासून घोट्यापर्यंत रेघ ओढली. माझे वडील गवंडी आहेत. रेघ पाहताच ते म्हणाले, “हा तर ओळंबा धरला, साहेब!” डॉक्टर हसले व म्हणाले, “बरोबर ओळखलंत, बाबा. ओळंब्यात पाय ठीक आहे. पण आता मजल्याचा उतार बघा.” बाजूच्या एक्स-रेवर उतार निघाला पंधरा अंश.

“मंग आधीच का नाय मापला?” आबांनी विचारले. डॉक्टरांनी दिलेले उत्तर मला महत्त्वाचे वाटते. पहिल्यांदा दोर तुटतो तेव्हा बहुतेकांचे काम नुसत्या दोरावर भागते. जास्त उतार असलेलेही कित्येकजण बरे होतात. हाड कापणे ही मोठी गोष्ट आहे, ती प्रत्येकावर लादता येत नाही. पण बसवलेला दोर पुन्हा तुटला, तर हाडाचे माप न घेता तिसरा दोर बसवणे बरोबर नाही. यात पहिल्या डॉक्टरांना दोषी धरण्यासारखे काही नव्हते, आणि दादाला तर नव्हतेच.

२०२४ मध्ये दादाची दुसरी शस्त्रक्रिया झाली. नडगीच्या वरच्या भागातून, पुढच्या बाजूने पाचरीच्या आकाराचा हाडाचा तुकडा काढला, फट मिटवली व ती धातूच्या पट्टीने पक्की केली. पुढची बाजू खाली आली, म्हणजे उतार कमी झाला. त्याच वेळी नवा दोरही बसवला. कित्येक आठवडे कुबड्या, मग महिनोन्‌महिने व्यायाम. आज दादा होडीवर जातो, डोक्यावर मासळीची टोपली घेऊन उतरतो, गुडघा दगा देत नाही. चढाईला तो परत गेला नाही. ती संधी गेली ती गेलीच. संध्याकाळी तो गावातल्या पोरांना शिकवतो.

हाड कापून दोर वाचवण्याची विद्या

‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द निकोला आँद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली घडवला. ग्रीक भाषेत ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पैदिऑन’ म्हणजे मूल. त्याच्या ग्रंथातील वाकडे रोप खुंटाला बांधल्याचे चित्र पुढे या शास्त्राचे बोधचिन्ह झाले. आपण पोफळीच्या रोपाला आधार देतो, त्यातलाच हा विचार. म्हणजे हाडाची सरळ रेषा हा या शास्त्राचा मूळ विषय. तुटलेला फुलीबंध शिवण्याचा प्रयत्न त्यामानाने उशिरा झाला. १८९५ मध्ये इंग्लंडात लीड्स येथे मेयो रॉब्सन यांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातील बंध शिवले. पुढची शंभर वर्षे दोर कशाचा करावा, कुठे बांधावा, यावरच बहुतेक लक्ष राहिले.

आश्चर्य वाटेल, पण उताराचा धडा पशुवैद्यांनी फार ठळकपणे गिरवला. कुत्र्याच्या नडगीचा माथा माणसापेक्षा खूप जास्त उतरता, साधारण वीस अंशांच्या पुढे असतो, आणि त्यांचा हा बंध वरचेवर तुटतो. अमेरिकेतील बार्कले स्लोकम या पशुवैद्याने १९९३ साली एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत तुटलेल्या बंधाच्या जागी दुसरा बसवतच नाहीत. नडगीचा माथा कापून, फिरवून जवळजवळ सपाट करतात. उतार गेला की दोरावाचूनही कुत्रा धावतो. ही शस्त्रक्रिया आता जगभर होते.

माणसात एवढे टोक गाठता येत नाही. माथा फार सपाट केला तर भार मागच्या फुलीबंधावर येतो आणि तो दुखावतो. म्हणून साधारण बारा अंशांहून अधिक उतार असेल, आणि बसवलेला दोर तुटला असेल, तरच या उपायाचा विचार करतात. पाय धनुष्यासारखा असेल तर नडगी आतल्या बाजूने कापून फट उघडतात आणि भाररेषा मध्याकडे आणतात. मग त्याच वेळी किंवा नंतर दोर बसवतात. वाढ पूर्ण न झालेल्या मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीचा थर असतो, त्यामुळे तिथे फार जपावे लागते. पाया आधी, भिंत मागून, हा गवंड्याचा नियम इथेही चालतो.

आपण काय करावे?

आपल्या हाडांचा उतार आपल्या हाती नाही. तो आईबापांकडून आणि वाढीच्या वयातून आलेला असतो. पण दोरावरचा भार कमी करणे पुष्कळ अंशी हाती आहे. मांडीच्या मागचे स्नायू नडगीला मागे ओढतात, म्हणजे ते दुसरा दोरच आहेत. आपले बहुतेक खेळाडू बैठका मारून पुढचे स्नायू दणकट करतात व मागचे विसरतात. उडीवरून उतरताना गुडघे वाकवून, पावलाच्या रेषेत ठेवून उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, हे शिकवता येते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने ‘११+’ नावाचा वीस मिनिटांचा सराव तयार केला आहे. त्यासाठी फारसे साहित्य लागत नाही. अशा सरावाने दुखापती निश्चित कमी होतात. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी अधिक होते, म्हणून आपल्या कॉलेजच्या मुलींच्या संघाने तर तो अवश्य करावा.

गुडघा गेलाच, तर बर्फ लावावा, पाय उंच ठेवावा, तेल लावून चोळू किंवा ओढू नये. डॉक्टरांना दाखवावे. गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमनची साधी परीक्षा १९७६ पासून प्रसिद्ध आहे, आणि तिला यंत्र लागत नाही. शस्त्रक्रिया झाल्यास नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये. प्रो कबड्डीतला पवन सेहरावत ऑक्टोबर २०२२ मध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि तो सारा हंगाम बाहेर राहिला. पुढच्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळाले तेव्हा कर्णधार तोच होता. धीर धरणाऱ्याला पुन्हा खेळता येते.

आणि दोर दुसऱ्यांदा तुटलाच, तर त्या खेळाडूला आळशी किंवा कमनशिबी म्हणण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: “उभ्याने पूर्ण पायाचा एक्स-रे काढला का, आणि नडगीचा उतार किती अंश आहे?” निजवून काढलेल्या गुडघ्याच्या एम.आर.आय.मध्ये तुटलेला दोर दिसतो, पण खुब्यापासून घोट्यापर्यंतचा ओळंबा दिसत नाही. आपल्या घरी इंग्रजी कागद वाचणारे आपणच आहोत. हा प्रश्न विचारण्याचे कामही आता आपलेच आहे.